मोठ्याचं नको, बाकी वाढा

ब्राझीलला निघालेल्या मराठी माणसापुढे, तो मटण-कोंबडी खाणारा असला तरी, एक प्रश्न उभा राहतोच. आपण मोठ्याचं खात नाही, मग तिथल्या शुरास्कारियात, म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजून वाढणाऱ्या हॉटेलात, जाऊन करायचं काय? माझं उत्तर सरळ आहे. जावं, आणि चांगली भूक राखून जावं. दक्षिण ब्राझीलमधल्या काशियास दो सूल या शहरात मी कामासाठी राहिले, तिथल्या सहकाऱ्यांबरोबर रविवारी दुपारी जेवायला गेले, आणि गोमांसाचा तुकडाही न खाता पोट भरून, मन भरून उठले. ते कसं जमलं हे नीट सांगावंसं वाटतं, कारण मी निघाले तेव्हा हे सांगणारं मला कुणी भेटलं नव्हतं.

काशियास हे रिओ ग्रांदे दो सूल राज्याच्या डोंगराळ भागातलं कारखान्यांचं शहर. बसच्या बॉड्या बांधणारे उद्योग, त्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉपं, आणि गावाबाहेर पडलं की द्राक्षबागा. मूळचा हा मुलूख काइंगांग आदिवासींचा. १८७५ पासून उत्तर इटलीतली शेतकरी कुटुंबं इथे येऊन राहिली. त्यामुळे इथल्या जेवणात दोन घराणी नांदतात. डोंगरावरची इटालियन घरं, आणि खालच्या पाम्पा नावाच्या गवताळ मैदानावरचे गुराखी, म्हणजे गाउशो. निखाऱ्यावर भाजलेलं मांस, शुरास्को, हे गाउशोंचं. मक्याच्या पिठाची पोलेंता, वाइन आणि गालेतो नावाची कोवळी कोंबडी हे इटालियनांचं. रविवारी दुपारी दोन्ही एकाच टेबलावर येतात. राज्याने २००३ साली कायदा करून शुरास्कोला आपला अधिकृत पदार्थ ठरवलं, यावरून लोकांचा त्यात किती जीव आहे ते कळेल.

आमंत्रण आमच्या विभागप्रमुखांचं होतं. बरोबर त्यांची पत्नी, दोन मुलं आणि वडील. वडील निवृत्त ट्रकचालक. सगळे त्यांना आजोबाच म्हणत, मीही म्हणू लागले. माझं खाण्याचं बंधन मी शुक्रवारीच सांगून टाकलं होतं. कसं सांगायचं हे इथे महत्त्वाचं आहे. ब्राझीलमध्ये नुसतं 'कार्नी', म्हणजे मांस, म्हटलं की लोक बैलाचं मांस समजतात, आणि 'मी कार्नी खात नाही' म्हणणाऱ्यापुढे खुशाल कोंबडी किंवा हॅम येतं. शाकाहारी माणसाने तर एकेका प्राण्याचं नाव घेऊनच बोलावं. मी तसंच सांगितलं: गाय-बैल नाही, मेंढी, डुक्कर, कोंबडी, मासे चालतात. कारणही सांगितलं. माझं माहेर सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचं. गोठ्यात खिलार बैलांची जोडी असायची. बेंदराला त्यांची शिंगं रंगवायची, अंगावर झूल घालायची आणि पुरणपोळीचा पहिला घास त्यांना द्यायचा. ज्यांच्या खांद्यावर घर चाललं त्यांना खाणं मला जमत नाही. ते ऐकून साहेब म्हणाले, "मग तुमच्यासाठी गालेतो आहे, मेंढीची बरगडी आहे. काळजी करू नका." इतकंच. कुणी वाद घातला नाही, कुणी समजूतही काढली नाही.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा जुलैची कडक थंडी होती आणि शिमारांव फिरत होतं. भोपळ्याच्या तुंब्यात येर्बा माते नावाच्या झाडाच्या पाल्याचा हिरवा चुरा भरतात, वर गरम पाणी ओततात आणि धातूच्या नळीने ओढतात. एकच तुंबा सगळ्यांत फिरतो. नळी हलवायची नाही. आपल्या वाट्याचं पाणी संपवायचं, तुंबा परत द्यायचा. परत देताना आभार मानले की त्याचा अर्थ, मला आता पुरे, पुढच्या फेरीत धरू नका. कडू असतं, पण थंडीत छातीपर्यंत ऊब पोचते. मला ते पहिल्या घोटापासून आवडलं आणि मी आभार मानायची घाई केली नाही.

हॉटेल बीआर-११६ या महामार्गालगत होतं. गाडीत आजोबांनी त्या रस्त्याची हकिगत सांगितली. सळया घेऊन टेबलाटेबलापाशी फिरायची ही पद्धत, जिला इकडे एस्पेतो कोरिदो आणि उरलेल्या ब्राझीलमध्ये रोदीझिओ म्हणतात, ती १९६०च्या दशकात अशाच महामार्गांवर रुजली. लांबच्या पल्ल्याचे ट्रकवाले भुकेलेले यायचे, बसायला वेळ कमी. मेन्यू वाचत बसण्यापेक्षा ठरावीक पैशांत भट्टीवर जे जे तयार असेल ते ताटात पडत राहिलेलं त्यांना परवडायचं. याच राज्यात नोव्हा ब्रेशिया नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या इटालियन वंशाच्या कुटुंबांतली माणसं घरदार सोडून देशभर गेली आणि त्यांनी ठिकठिकाणी शुरास्कारिया काढल्या. त्या गावात भट्टीवाल्याचा पुतळा आहे. "मी पार उत्तरेकडच्या रेसिफेपर्यंत ट्रक नेला," आजोबा म्हणाले, "आणि वाटेत जिथे जिथे जेवलो तिथे नोव्हा ब्रेशियाचा माणूस निघायचा." पुढे हीच पद्धत परदेशी गेली. पोर्तो आलेग्रीत १९७९ साली सुरू झालेल्या फोगो दे शांवने १९९७ मध्ये अमेरिकेत टेक्सासला शाखा काढली, आणि आता अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांतले वाढदिवस अशा जागी होतात.

आत गेल्यावर मी टेबलाकडे न जाता आधी भट्टी बघायला गेले, आणि ज्यांना जाऊ देतील त्यांनी जावंच. कमरेएवढी विटांची लांब भट्टी, आत निखारे, वर सळया टेकवायला दोन-तीन टप्पे. खालच्या टप्प्यावर पटकन होणारे तुकडे, वर उंचावर सावकाश शिजणारे. बैलाच्या बरगड्या पहाटेपासून वर चढवलेल्या होत्या. त्यांना सहा-सात तास सहज लागतात. कोळसा आकासिया नेग्राचा, म्हणजे आपल्या बाभळीच्याच गोतातल्या झाडाचा. या राज्यात त्याची मोठी लागवड आहे. ज्वाला कुठेच नव्हती. ज्वाला दिसली की भट्टीवाला राखेने ती दाबायचा, कारण ज्वाळेने मांस वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. आचेचा अंदाज घ्यायला तो निखाऱ्यावर तळवा धरायचा आणि किती वेळ सोसवतं ते बघायचा. काटा नाही, थर्मामीटर नाही.

मसाला म्हणाल तर जाडं मीठ. हळद नाही, आलं-लसूण नाही, तिखट नाही. भाजण्याआधी मांसाला जाडं मीठ चोळायचं, लागेल तेवढं मांस घेतं, आणि भाजून झालं की सुरीच्या पाठीने सळईवर ठोकून उरलेले खडे झाडून टाकायचे. तो टणटण आवाज भट्टीपाशी सारखा चालू असतो. आपल्याकडे मटणाला वाटण नसेल तर स्वयंपाकात कसूर वाटते. मीही तशाच घरातली. पण मेंढीच्या मांसाची स्वतःची चव काय असते, ते मला इथे कळलं. मीठ, धूर आणि वितळणारी चरबी, एवढ्यावर हा सगळा डोलारा उभा आहे, म्हणून आच सांभाळण्यात जराही हयगय चालत नाही.

मिठावरून आजोबांनी आणखी एक सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज गंभीर झाला. एकोणिसाव्या शतकात याच राज्याच्या दक्षिणेला पेलोतास इथे मांस खारवून वाळवण्याचे मोठमोठे कारखाने होते. त्या खारवलेल्या मांसाला चार्के म्हणतात. ते जहाजांनी उत्तरेला जायचं आणि मळ्यांवरच्या गुलामांना खायला घातलं जायचं. खारवण्याचं कामही गुलामांकडूनच करून घेतलं जायचं. पेलोतासमधले श्रीमंतांचे सुंदर वाडे त्या पैशातून उभे राहिले. गाउशोच्या घोड्याची आणि स्वातंत्र्याची गाणी सगळे गातात, हा भाग कमी सांगितला जातो, असं आजोबा म्हणाले. मला त्यांचं हे सांगणं फार मोलाचं वाटलं.

आम्ही बसलो. प्रत्येकाच्या ताटाशेजारी पुठ्ठ्याची गोल चकती, एक बाजू हिरवी, एक लाल. हिरवी वर असेल तर वाढणारे येत राहतात, लाल केली की थांबतात. वाढणाऱ्याला पासादोर म्हणतात. इथल्या पासादोरांच्या अंगावर गाउशो वेश होता: घोळदार विजार, रुंद चामडी पट्टा, गळ्यात रुमाल. एका हातात लांब सळई, तिचं टोक खालच्या छोट्या थाळीत टेकवलेलं, दुसऱ्या हातात लांब पात्याची सुरी. तो वरून पातळ काप उतरवतो, आणि आपण छोट्या चिमट्याने त्या कापाचं टोक धरायचं. काप सुटला की आपल्या चिमट्यात येतो. वरचा खरपूस थर उतरवून झाला की सळई पुन्हा भट्टीवर जाते, नवं मीठ लागतं, नवा थर भाजला जातो. म्हणून प्रत्येक फेरीत कडेचा भाग मिळतो, आणि खरी चव कडेलाच असते.

मला हे सगळं बघताना आपली पंगत आठवली. पानावर आपण जागचे हलत नाही, वाढपी ओळीने फिरतात, एकामागून एक पदार्थ येतो. इथेही तेच. पण एका बाबतीत दोन्हीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आपल्या पंगतीत प्रेम दिसतं ते आग्रहात. पानावर आडवा हात धरला तरी वाढपी बोटांच्या फटीतून जिलेबी सोडतो, आणि नको म्हणणाऱ्याला दोनदा तरी हरावं लागतं. इथे पासादोर दहा वेळा येतो, दहाही वेळा हसून विचारतो, आणि नको म्हटलं की तितकंच हसून पुढे जातो. अकराव्यांदा पुन्हा येतो. नकार ऐकून त्याचा उत्साह कमी होत नाही. मला आग्रहाची पंगत मनापासून आवडते, मी तीतच वाढले. पण ज्याला खाण्यात काही वर्ज्य आहे, त्याला ही दुसरी रीत मोठा आधार देते. त्या दुपारी मी कितीदा नको म्हटलं असेल, आणि एकदाही मला अवघडल्यासारखं झालं नाही.

मुख्य पासादोरांना साहेबांनी पहिल्याच फेरीत माझ्याबद्दल सांगितलं. त्या गृहस्थांनी मान हलवली, भट्टीकडे गेले आणि परत येऊन मला सांगितलं की आज माझ्यासाठी काय काय येईल: कोंबडीची काळजं म्हणजे हृदयं, गालेतो, डुकराचं कमरेचं मांस, मेंढीची बरगडी, भाजलेलं चीज. सॉसेजबद्दल मी विचारलं, कारण काही ठिकाणी त्यात दोन्ही मांसं मिसळतात. त्यांनी स्वयंपाकघरात विचारून आणलं की इथलं निव्वळ डुकराचं आहे. आच एकच असते, सळया शेजारी शेजारी असतात. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी आधी विचारावं. मला चालतं.

मधल्या मोठ्या टेबलावर सॅलडं आणि शिजवलेले पदार्थ मांडलेले असतात, तिथे आपण उठून जायचं. नवखा माणूस तिथेच पोट भरून बसतो, कारण ते सगळं सुरुवातीलाच समोर दिसतं. थोडं घ्यावं, पण काही गोष्टी चुकवू नयेत. इथल्या रविवारच्या जेवणात मायोनेझी म्हणजे बटाट्याचं सॅलड लागतंच. रादिची नावाची कडवट पालेभाजी गरम बेकनबरोबर कालवलेली असते. कारल्या-मेथीचा कडूपणा आवडणाऱ्यांना ती आवडेल. ताडाच्या जातीच्या झाडाचा कोवळा गाभा, पाल्मितो, पांढरा आणि मऊ असतो. तळलेली पोलेंता, कसावा नावाचा तळलेला कंद, कांदा-टोमॅटोची व्हिनेगर घातलेली कोशिंबीर, आणि फारोफा. फारोफा म्हणजे कसाव्याचा भाजलेला रवाळ भुगा. तो मांसाच्या रसावर भुरभुरला की सगळा रस टिपून घेतो. भाताच्या बाबतीत सावध राहावं. कारेतेरो नावाचा भात फार खमंग दिसतो, पण त्यात चार्के असतं, म्हणजे खारवलेलं गोमांस. घेवड्याच्या रश्शातही ते किंवा बेकन असू शकतं. साधा पांढरा भात वेगळा असतो, तो घ्यावा.

प्यायला साहेबांनी वाइन घेतली, मी द्राक्षाचा रस. काशियासच्या परिसरातला हा रस साखर-पाणी न घालता करतात. जांभळा, दाट, जिभेवर किंचित तुरट. ते प्याल्यावर बाटलीतल्या गोड सरबतांना द्राक्षरस म्हणवत नाही.

मग सळया सुरू झाल्या. सर्वात आधी कोंबडीची काळजं, एका सळईवर मण्यांसारखी ओवलेली. पासादोर सुरीने ओढून पाच-सहा ताटात पाडतो. बाहेरून खरपूस, आतून घट्ट आणि रसाळ. कलेजी-पेठा आवडीने खाणाऱ्या घरातल्या माणसाला हे परकं वाटणारच नाही. मुलं तर त्यासाठी हट्ट करत होती. पाठोपाठ जाड सॉसेज, मग गालेतो. गालेतो म्हणजे महिनाभराचं कोवळं कोंबडीचं पिलू. ते मात्र नुसत्या मिठावर नसतं. पांढरी वाइन, लसूण आणि सेज नावाच्या पानांत मुरवतात, आणि ही खास इटालियन वस्तीची देणगी. कातडी कुरकुरीत, हाड सहज सुटणारं. ते हाताने खायचं, आणि सगळा हॉल हातानेच खात होता, याचं मला फार बरं वाटलं. डुकराचं कमरेचं मांस किसलेल्या चीजमध्ये घोळवून भाजलेलं आलं, ते मला जरा कोरडं वाटलं. लसूण-लोणी लावलेला पाव आला. ओरेगानो भुरभुरलेलं चीज सळईवरच भाजून आलं, बाहेर सोनेरी कवच आणि आत ताणली जाणारी मऊ साय. शाकाहारी मंडळींनी त्याची वाट बघावी.

पण ज्यासाठी या राज्यात यावं असं मी म्हणेन ती मेंढीची बरगडी. पाम्पाच्या गवतावर चरलेली मेंढी. बरगडीचा पूर्ण पट्टा सळईवर, चरबीचा पातळ पापुद्रा वितळून हाडांच्या मधल्या मांसात उतरलेला. पासादोर हाडाहाडांच्या मधून सुरी घालतो आणि एकेक बरगडी सोडवतो. वास उग्र असेल अशी मला धास्ती होती. धूर होता, मीठ होतं, आणि गवताची म्हणावी अशी हलकी गोडी. ती सळई दुसऱ्यांदा आली तेव्हा मुख्य पासादोर ती थेट माझ्याकडे घेऊन आले, मग बाकीच्या टेबलांकडे वळले.

माझ्या शेजारून बाकीच्यांच्या ताटात जे जाई ते मी बारकाईने बघत होते. खात नाही म्हणून बघायचं नाही असं थोडंच आहे? पिकान्या, म्हणजे पुट्ठ्यावरचा चरबीचा थर असलेला भाग, अर्धगोल दुमडून ओवतात, चरबी बाहेरच्या बाजूला. तो आला की बोलणं थांबतं. कुणाला आतून लालसर हवा, कुणाला पुरता शिजलेला, तसा पासादोर सळईच्या वेगवेगळ्या जागेवरून काप काढतो. पहाटेपासून भाजलेली बरगडी आली तेव्हा सुरी लावायची गरजच पडली नाही, हाड ओढलं आणि हातात आलं. आजोबांनी ते हाड ताटात नीट आडवं ठेवलं आणि भट्टीच्या दिशेने मान लववून भट्टीवाल्याला दाद दिली.

मग एक सळई आली, तिच्यावरचा तुकडा मी कुणी न सांगता ओळखला. वशिंड. त्याला इथे कुपिम म्हणतात. मांस आणि चरबी एकमेकांत विणल्यासारखी असते, म्हणून ते गुंडाळून तासन् तास शिजवतात आणि शेवटी आचेवर खरपूस करतात. ब्राझीलभर लोकांना ते फार प्रिय आहे. मी लहानपणी ज्या वशिंडावर गुलाल टाकला, तेच समोर होतं. किळस आली नाही, रागही आला नाही. पण मला बोलणं सुचेना, आणि आजोबांच्या ते लक्षात आलं. त्यांनी पासादोरला हळूच पुढे जायला सांगितलं.

"आमच्या इकडच्या गुरांना हे नसतंच," ते म्हणाले. खरं आहे. रिओ ग्रांदे दो सूल थंड प्रदेश, इथे हेरफर्ड, अँगस अशा युरोपीय जाती टिकतात, त्यांची पाठ सपाट. वशिंड येतं ते ब्राझीलच्या उष्ण मध्य आणि उत्तर भागातून, आणि तिथली वशिंडाची गुरं भारतातून गेलेली. आंध्रातल्या ओंगोल जातीला ते नेल्लोरच्या नावावरून नेलोरे म्हणतात. आपली कांक्रेज तिकडे गुझेरा झाली. गीर मात्र गीरच राहिली. एकोणिसाव्या शतकापासून जहाजांनी ही गुरं जात होती, शेवटची मोठी खेप १९६२ची. भावनगरच्या महाराजांकडून गेलेला 'कृष्णा' नावाचा गीर वळू तिकडच्या गोपालकांत अजून आदराने आठवला जातो. मिनास जेराइस राज्यातलं उबेराबा हे या गुरांचं माहेरघर. तिथे दरवर्षी मोठं प्रदर्शन भरतं. गीर आणि होल्स्टिन यांच्या संकरातून त्यांनी जिरोलांदो ही दुभती जात तयार केली, देशाच्या दुधाचा मोठा भाग तिच्यावर चालतो. २०२२ च्या मोजणीत ब्राझीलमध्ये २३ कोटींहून अधिक गुरं होती आणि माणसं २० कोटींच्या आसपास. त्यांतल्या बहुतेक गुरांच्या अंगात आपल्या मातीतलं रक्त आहे.

उन्हाचा चटका, गोचीड, निकृष्ट गवत, हे सगळं सोसण्याची ताकद आपल्या शेतकऱ्यांनी आणि गवळ्यांनी शेकडो वर्षांच्या निवडीतून या जातींत उतरवली. त्या बळावर ब्राझील जगातला मोठा मांस-निर्यातदार झाला. त्यांनी वंशावळीच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या, जाती शुद्ध राखल्या, याचं मला कौतुक आहे. त्याच वेळी कुरणं वाढवण्यासाठी अमेझॉनचं जंगल तोडलं गेलं, त्याचं दुःखही आहे. दोन्ही मी आजोबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुमच्या वडिलांच्या बैलांची नावं काय होती?" मी सांगितली. सर्जा आणि राजा. त्यांनी दोन्ही नावं एकदा उच्चारून पाहिली.

शेवटी अननस. सोललेला अख्खा अननस दालचिनी-साखरेत घोळवून सळईवर भाजतात, वरची साखर कॅरॅमल होते, आणि पासादोर मांसासारखेच काप उतरवतो. एवढ्या चरबीनंतर तो आंबटगोड रस जिभेला धुवून काढतो. कितीही पोट भरलेलं असो, याच्यासाठी जागा ठेवावी.

आणि मग माझ्यासमोर आला सागू. काचेच्या वाटीत गडद जांभळे, पारदर्शक, टपोरे दाणे, वर व्हॅनिलाच्या कस्टर्डचा पिवळा थर. पहिल्या चमच्याला मी थांबले. साबुदाणा! लाल वाइनमध्ये लवंग, दालचिनी आणि साखर घालून शिजवलेला साबुदाणा. काशियासच्या डोंगरात प्रत्येक आजी हा करते. आपण ज्या कसाव्यापासून साबुदाणा करतो तो कंदही मुळात याच खंडातला, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. मी टेबलावर सांगितलं की आमच्याकडे उपासाच्या दिवशी हे खातात, तर साहेबांच्या पत्नीचा विश्वासच बसेना. उपासाला कसं काय, तिखट कसं काय, शेंगदाणे कशात? तिने कागद काढून लिहून घ्यायला सुरुवात केली.

बिलाचं थोडक्यात: जेवणाचा दर माणशी ठरलेला, मुलांना कमी. पेयं आणि गोड पदार्थ बहुतेक ठिकाणी वेगळे. सेवेचे दहा टक्के बिलात जोडलेले असतात, देणं ऐच्छिक, पण सगळे देतात. पैसे भरताना पावतीवर कर-क्रमांक घालायचा का, असं विचारतात. परक्या माणसाने नाही म्हणावं आणि पुढे व्हावं. मांस न खाणाऱ्याला फक्त मधल्या टेबलाचा कमी दर लावणारी हॉटेलं आहेत, बसण्याआधी विचारावं.

दोन वाजेपर्यंत तिथे नुसत्या गप्पा चालल्या होत्या. लाल चकत्या वर होत्या, तरी उठा म्हणून कुणी बिल आणून टाकलं नाही.

पुढच्या एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. या राज्यात घराघरात विटांची भट्टी असते, फ्लॅटच्या गॅलरीतसुद्धा धुराडं काढलेलं असतं. घरचा शुरास्को हॉटेलपेक्षा संथ. आजोबा आगीपाशी, बाकी सगळे त्यांच्याभोवती उभे, आणि जे जे होईल ते लाकडी फळीवर कापून, फारोफ्यात बुडवून, उभ्याउभ्याच खायचं. माझ्या मेंढीच्या आणि काळजांच्या सळया त्यांनी भट्टीच्या एका कडेला वेगळ्या लावल्या होत्या, मी न सांगता. मी आदल्या रात्री साबुदाणा भिजवला होता. शेंगदाणे भाजले, कूट केलं, जिरं नेलेलं होतं, मिरची बाजारात मिळाली, तुपाऐवजी लोणी कढवलं. खिचडी मोकळी झाली. साहेबांच्या पत्नीने ती मोठ्या वाडग्यात काढून मायोनेझीच्या शेजारी मांडली, आणि आजोबांनी मेंढीची पहिली बरगडी फळीवर ठेवल्यावर आधी खिचडी वाढून घेतली, मग वर आणखी लिंबू मागितलं.